घरी येणारा लोकल पेपर, त्याचं क्रीडा पान आणि बुधवारचा तो कॉलम: ५ पैकी २ स्टार

पेपरचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरी येतो त्यांना दोन ओळीत कळेल, आणि रात्री गठ्ठे बांधणारी पोरं, गाडीवाला, आमचे पेपर टाकणारे काका ह्यांच्यावर उगाच काही येऊ नये असं वाटतं म्हणून पण नाही लिहीत. रिव्ह्यू अख्ख्या पेपरचा करतोय पण राग सगळा एका चौकटीवर आहे, शेवटून दुसरं पान, उजवीकडे वर, दर बुधवारी, हाताची घडी घातलेला फोटो आणि खाली फुटबॉलवर साताठशे शब्द.

मी सावंतवाडीचा, नोकरी गोव्यात म्हापशाला, रोज बांदा पत्रादेवीची हद्द ओलांडून येऊन जाऊन करतो, आमच्याकडची अर्धी पोरं तशीच करतात. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमधल्या एफसी गोवाला २०१४ पासून फॉलो करतोय, म्हणजे झिको कोच होता आणि रॉबर्ट पिरेस आला होता तेव्हापासून. लोक विचारतात सिंधुदुर्गात राहून गोव्याची टीम कशी काय, तर बाबांनो नकाशा बघा, आमच्या घरापासून टीमचं फातोर्डा स्टेडियम शंभरेक किलोमीटर आहे, मुंबईची टीम माझी म्हणायची तर पाचशे किलोमीटर जावं लागेल. आमचा बाजार म्हापसा, आमचं मोठं हॉस्पिटल बांबोळी, मग आमची टीम पण तिथलीच.

पेपरची वार्षिक वर्गणी सात वर्षं भरली. एकदम पैसे भरले की थोडे कमी पडतात आणि वर भेटवस्तू, एका वर्षी भिंतीवरचं घड्याळ आलं ते अजून चालतंय. पेपर टाकणाऱ्या काकांना पाचच्या पाच. जुलैत आमच्याकडे पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको, समोरचा माड दिसत नाही असा पाऊस, तरी सव्वासहाला पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पडवीतल्या बाकावर ठेवलेला, एकदा पण फेकला नाही, एकदा पण भिजला नाही. पहिलं पान ठीक, तालुक्याची पानं चांगली, कुठला घाट बंद, कुठल्या गावात वीज नाही, आंब्याचा दर, निधन वार्ता, सगळं वेळेत. आई चष्मा लावून आधी निधन वार्ता बघते मग बाकीचं. ह्या भागाबद्दल माझी काही तक्रार नाही आणि घरी वयस्कर माणसं असतील तर घ्याच.

आता क्रीडा पान.

पान एकच असतं, त्यातलं पाऊण क्रिकेट. ते समजू शकतो, लोक तेच वाचतात. पण गोवा जवळ म्हणून फुटबॉलला रोज थोडी तरी जागा मिळते आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते तिथे आपल्याकडच्या स्पर्धांचे निकाल येतात. कोण कोणाला किती किती, गोल कोणी मारले, कितव्या मिनिटाला. ती चौकट लिहिणाऱ्याचं नाव कधी छापत नाहीत पण तो माणूस कोणीही असो, तो मैदानावर जातो. हे कळतं. कारण एकदा त्याने लिहिलं होतं की दुसऱ्या हाफमध्ये पाणी साचल्याने मॅच वीस मिनिटं थांबली, आणि खरंच वीस मिनिटं थांबली होती, मी छत्री घेऊन उभा होतो तिथे. पेपरला जे दोन स्टार देतोय त्यातला एक ह्या माणसाचा आणि एक आमच्या काकांचा.

आणि मग तो बुधवारचा कॉलम.

आधीच सांगतो, मला टीका चालते. टीम वाईट खेळली तर वाईट लिहा, फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये आम्ही जे बोलतो ते तर छापता पण येणार नाही. पण आम्ही नव्वद मिनिटं बघून बोलतो. ह्या कॉलमवाल्याचं काय आहे, की जिंकलो तर समोरची टीम कमजोर होती, ड्रॉ झाली तर नशीब, हरलो तर बघा मी आधीच सांगितलेलं. सात वर्षं वाचतोय, एक बुधवार असा आठवत नाही की वाचून झाल्यावर संध्याकाळी बॉल घेऊन मैदानावर जावंसं वाटलं.

उदाहरणं देतो, नुसतं बोलत नाही.

२०२० चा जानेवारी संपता संपता सर्जिओ लोबेराला काढलं. आम्हाला पण धक्का बसला, टीम टॉपला आहे आणि कोच काढता म्हणजे काय, त्या रात्री आमच्या ग्रुपवर कोणी झोपलं नाही. क्लिफर्ड मिरांडाकडे टीम दिली, आपला गोव्याचा माणूस. त्या बुधवारच्या कॉलमात सीझनचं तेरावं घालून झालं होतं, क्लब संपला, ड्रेसिंग रूम फुटली, आता सगळ्या मॅच हरणार. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला जाऊन ५-० मारली आपण. लीगमध्ये पहिले, शील्ड आपली, आणि एशियन चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला जाणारा भारतातला पहिला क्लब. पहिला! मोहन बागान नाही, ईस्ट बंगाल नाही, आपण. पुढच्या बुधवारी मी सहा वाजल्यापासून पडवीत बसून होतो की आज तरी काय लिहितो बघू. कॉलम दुसऱ्याच विषयावर. एक ओळ नाही. चुकलो म्हणू नको रे बाबा, निदान अभिनंदन तरी कर.

मग २०२१ चा एप्रिल, तीच एशियन चॅम्पियन्स लीग, कोरोना, मॅच फातोर्ड्यातच पण आत प्रेक्षक नाहीत. आमच्या हॉलमध्ये सहा जण, मास्क लावून, खिडक्या उघड्या टाकून. समोर कतारचा अल रय्यान, कोच लॉराँ ब्लाँ, १९९८ ला वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, आणि आपली पोरं त्यांना ०-० वर अडवून बसली. धीरज सिंगने त्या स्पर्धेत काय गोलकीपिंग केलं ते ज्याने बघितलं त्यालाच माहीत. नंतर अल वहदाबरोबर पण ०-०. मग पर्सेपोलिस, इराणची टीम, आदल्या वेळची फायनलिस्ट, आणि त्यांच्यावर एदू बेडियाने हेडर मारून पहिला गोल आपण केला, त्या स्पर्धेच्या ग्रुप स्टेजमध्ये भारतीय क्लबचा पहिलाच गोल. ती मॅच हरलो १-२. पण तो गोल झाला तेव्हा आमच्या आईने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं कोण पडलं की काय, एवढा आवाज. ग्रुपमध्ये शेवटी तीन पॉइंट मिळाले. कॉलममध्ये त्या तीन पॉइंटचाच हिशोब, सहा मॅच आणि एक पण जिंकली नाही, म्हणजे भारतीय फुटबॉलची लायकी कळली. बरोबर आहे ना, जिंकली नाही. पण समोर कोण होतं, त्यांचं बजेट काय, आपण काय, आपली किती पोरं लोकल मैदानावर खेळून तिथे पोचली, हे सांगणं पण त्याचंच काम आहे की नाही? आकडा तर मला टीव्हीवर दिसतोच. पेपरला पैसे मी आकड्यामागचं वाचायला देतो.

आणि आता ६ एप्रिल २०२५. ह्या दिवसाचं जरा नीट लिहितो कारण तेव्हा मी तिथे होतो.

आयएसएल सेमीफायनलची दुसरी मॅच, दोन्ही मॅचचे गोल मिळून निकाल. बंगळुरूला पहिली २-० ने हरून आलेलो. रविवार होता, आम्ही चौघं दुपारी तीनला निघालो, पर्वरीला ट्रॅफिक, झुवारीच्या नव्या पुलावरून वेर्णा, साडेपाचला फातोर्डा. पहिला हाफ काहीच नाही. दुसरा हाफ सुरू झाला आणि बोर्हाने गोल मारला, मग मॅच संपायला आली तेव्हा सादिकूने दुसरा. दोन्ही मॅच मिळून दोन दोन! माझ्या बाजूला एक काका बसलेले, साठीच्या पुढचे, कोंकणीत आख्खी मॅच स्वतःशीच पुटपुटत होते, त्यांनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ होते. आता एक्स्ट्रा टाइम, आता घेतली मॅच, असं सगळ्यांना वाटत असताना ९२ व्या मिनिटाला क्रॉस आला आणि बंगळुरूचा सुनील छेत्री. हेडर. चाळीस वर्षांचा माणूस, सब्स्टिट्यूट म्हणून आलेला, आणि डिफेंडरच्या मधून कसा सुटला ते कोणाला कळलं नाही. स्टेडियम एकदम गप्प. एवढ्या माणसांमध्ये मला स्टँडखालून जाणाऱ्या शेंगदाणेवाल्याच्या पत्र्याच्या डब्याचा आवाज ऐकू आला. बाजूच्या काकांनी दंड सोडला आणि खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, आणि मग काय केलं माहितीये, उभे राहून टाळ्या वाजवल्या. आपल्या पोरांसाठी. मग मागची रांग उठली, मग आमची, हरलेल्या टीमला लोक टाळ्या वाजवतायत आणि ग्राउंडवर आपले खेळाडू गवतावर आडवे पडलेले. येताना गाडीत पर्वरीपर्यंत कोणी बोललं नाही. म्हापशाला एक गाडा उघडा होता तिथे चहा घेतला, घरी आलो तेव्हा साडेबारा वाजून गेलेले, सकाळी आठची ड्युटी.

बुधवारी कॉलम. खेळाडूंना पगार जास्त झालेत, भूक राहिली नाही, दुसऱ्या हाफमध्ये चालत होते. चालत होते! त्याच दुसऱ्या हाफमध्ये दोन गोल मारून आपण सामना बरोबरीत आणला. आणि पुढे मिडफिल्डमध्ये ज्या खेळाडूचं नाव घेऊन हा हरवला होता म्हणून लिहिलं, तो त्या दिवशी ग्राउंडवर उतरलाच नव्हता. बाकावर होता. मी तीनदा वाचलं, मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. गाडीतल्या मित्राला फोटो काढून पाठवला, तो म्हणाला, "ह्येना मॅच बघूकच नाय रे."

तेच. तेवढंच माझं म्हणणं आहे. बघूक नाय.

महिना पण झाला नाही, ३ मेला भुवनेश्वरला सुपर कप जिंकलो, जमशेदपूरला ३-०, बोर्हाचे दोन आणि द्राझिचचा एक. भूक राहिली नाही म्हणून लिहिलेली हीच ती पोरं. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला २-१ ने हरवून परत एशियाच्या स्पर्धेत. ऑक्टोबरमध्ये रोनाल्डोची टीम अल नासर फातोर्ड्याला आली, दोन गोल पटापट खाल्ले आणि मग ब्रायसन फर्नांडिसने एक परत केला. गोव्याचा पोरगा, सौदीच्या एवढ्या पैशाच्या टीमवर गोल मारतो, मॅच संपते २-१ ला आणि शेवटपर्यंत आपण बरोबरी करू शकतो अशी होती. कॉलमचा विषय काय, तर रोनाल्डो आला नाही आणि लोकांचे तिकिटाचे पैसे वाया गेले. अरे मी तिकीट काढलेलं, माझे नाही गेले वाया. माझ्या नावाने कोणी का रडावं.

इथपर्यंत मी सहन केलं असतं, मोठा क्लब आहे, प्रोफेशनल खेळाडू आहेत, त्यांना मराठी पेपर कोण वाचून दाखवतोय. पण गेल्या पावसात जे झालं त्यावरून मी वर्गणी बंद केली.

माझा पुतण्या गोलकीपर आहे. नववीत होता तेव्हा. हिरवे ग्लोव्हज, म्हापशाला दुकानात घेतलेले, साडेआठशे रुपये, त्यातले तीनशे त्याचे स्वतःचे, गणपतीत आणि दिवाळीत मिळालेले साठवून. मॅचवरून आला की आधी ग्लोव्हज धुणार, साबण लावून नाही नुसत्या पाण्याने, मग पिळायचे नाहीत, हाताने दाबून पाणी काढायचं, आणि न्हाणीच्या चुलीमागे दोरीवर उलटे टांगायचे म्हणजे धग लागते पण जळत नाहीत. उजव्या पंजाचा फोम अंगठ्याजवळ सुटलेला तिथे त्याने सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून चिकटवलेला. हे सगळं तो कोणी न सांगता करतो.

चतुर्थीच्या आधी स्पर्धा होती, शाळा आणि क्लबच्या पोरांची. ज्यांनी कोकणातलं पावसाळी फुटबॉल बघितलंय त्यांना माहीत आहे, लाल चिखल, बॉल लाथ मारली की मीटरभर जाऊन पाण्यात थांबतो, पोरांचे चेहरे ओळखू येत नाहीत. फायनलला ही पोरं पोचली हेच मोठं होतं. पहिल्या हाफमध्ये ह्याने तीन अडवले, एक तर असा की पोस्टला डोकं आपटता आपटता वाचलं. मग दुसऱ्या हाफमध्ये आपल्याच डिफेंडरने बॅकपास दिला, बॉल डबक्यात थांबला, समोरचा पोरगा धावत आला, हा बाहेर आला, झेप घेतली आणि बॉल पोटाखालून गेला. १-०. तिथेच संपली मॅच. रडला थोडा, मग प्रतिस्पर्धी गोलकीपरच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला, भजी खाल्ली, घरी आला, ग्लोव्हज धुतले, टांगले.

आयोजकांनी पाहुण्यांसाठी मंडपात खुर्च्या ठेवलेल्या, एका खुर्चीवर कॉलमवाल्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. मी दोन तास त्याच बाजूला उभा होतो. खुर्ची रिकामी होती, बक्षीस समारंभापर्यंत.

बुधवारी कॉलम आला. विषय, जिल्ह्यातल्या फुटबॉलचा दर्जा. आमच्याकडे स्पर्धा फक्त फिती कापायला होतात वगैरे, आणि मग एक वाक्य, फायनलच्या गोलमध्ये गोलकीपर होता की बुजगावणं अशा अर्थाचं. नाव नव्हतं. पण फायनल एकच झाली होती आणि गोल एकच झाला होता, शाळेत कळायला किती वेळ लागतो. दुपारी घरी आला तेव्हा दप्तर ठेवलं आणि सरळ न्हाणीत गेला, दोरीवरचे ग्लोव्हज काढले, पिशवीत घातले आणि शिडी लावून माळ्यावर टाकून आला. कोणाला काही बोलला नाही. संध्याकाळी मी कामावरून आलो तर आई म्हणाली, "पोरग्याक बोलव जेवक, शाळेतसून इल्यापासून काय खाऊक नाय." वर्गात त्याला बुजगावणो म्हणायला लागले होते. पंधरा वर्षांचा पोरगा.

मी रात्री त्याच्याबरोबर बसलो. उपदेश करायला मला येत नाही, मी त्याला लक्ष्मीकांत कट्टीमनीचं सांगितलं. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएल फायनल, गोवा विरुद्ध चेन्नईयन, मी होतो स्टँडमध्ये. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने आपण २-१ पुढे, लोकांनी फटाके काढून ठेवलेले. ९० व्या मिनिटाला कट्टीमनीच्या हाताला लागून बॉल आत, ओन गोल त्याच्या नावावर, आणि दोन मिनिटांत मेंडोझाने तिसरा मारला. गेली फायनल. गोव्याचाच पोरगा, घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर. त्यानंतर त्याला लोकांनी काय काय बोललं असेल विचार कर म्हटलं. आणि मग २० मार्च २०२२, परत फायनल, परत फातोर्डा, तेच मैदान, आता तो हैदराबादचा गोलकीपर, केरळ ब्लास्टर्सबरोबर पेनल्टी, आणि ह्याने तीन अडवल्या. तीन. ट्रॉफी हैदराबादला. आमची टीम नव्हती तरी मी घरी उभा राहिलो होतो टीव्हीसमोर. सहा वर्षं लागली त्याला पण तो ग्लोव्हज घालत राहिला म्हणून ते झालं.

पुतण्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "काका, तेव्हा पेपरात काय लिहिलेलं त्याच्याबद्दल?" मला उत्तर देता आलं नाही. अकरा दिवस ग्लोव्हज माळ्यावर होते. बाराव्या दिवशी मी कामावरून आलो तर दोरीवर ओले टांगलेले दिसले. मी काही विचारलं नाही.

आता कस्टमर सर्व्हिसबद्दल, कारण रिव्ह्यू आहे. मी पेपरला पत्र पाठवलं, तीनशे शब्द, मॅचमध्ये काय झालं ते मिनिटाप्रमाणे. छापलं, पण चार ओळी, आणि त्या चार ओळींत स्पर्धेचं आयोजन छान होतं एवढंच राहिलं. मग ऑफिसला गेलो. ऑफिसमधला माणूस चांगला होता, बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्या कॉलमवर सगळ्यात जास्त प्रतिक्रिया येतात, लोकांना तिखट लागतं. मी त्याला म्हटलं, प्रतिक्रिया तर रस्त्यावर गाडी घसरली तरी जमतात माणसं. तिखटाला पण आमची हरकत नाही, सोलकढीत पण मिरची असते. पण कोकमच नाही, नारळाचा रस नाही, नुसती मिरची वाटून वाटीत दिली तर ते जेवण आहे का?

आणि तिखट लिहायला विषय कमी आहेत का? त्याच कॉलमात दर महिन्याला येतं की पूर्वी गोव्याचे क्लब काय होते. बरोबर आहे, होतेच. २००६-०७ ते २०१२-१३, सलग सात वर्षं देशाची लीग गोव्याच्या क्लबने जिंकली, चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल, एकदा साळगावकर. आमच्या पिढीने ते बघितलंय. पण मग ते गेलं कुठे ते लिहा ना. २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिघं त्याच लीगमधून, तेव्हा तिचं नाव आय-लीग, बाहेर पडले ते का पडले, फेडरेशनने आयएसएल वर आणि जुनी लीग खाली असा आराखडा आणला, त्यावर हे क्लब काय म्हणत होते, त्यांच्या अकादमीतल्या पोरांचं पुढे काय झालं, लिहा. त्याऐवजी ते जुने दिवस आताच्या पोरांना हाणायची काठी म्हणून वापरतात. २०२५ मध्ये चर्चिलच्या हातात आय-लीगची ट्रॉफी दिली आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाने इंटर काशी ह्या क्लबला चॅम्पियन ठरवलं, त्यावर तर तीन बुधवार लिहिता आलं असतं. त्याच जुलैमध्ये आयएसएल अडकली, फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी ह्यांच्यातला करार संपत आलेला आणि नवीन होत नव्हता, खेळाडूंचे पगार, क्लबचे कामगार, सगळं टांगणीला. तेव्हा आम्हाला पाहिजे होता कोणीतरी धारदार लिहिणारा, कोणाला कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल ते ठणकावून विचारणारा. त्या महिन्यात कॉलम होता की आजची पिढी मोबाइलमुळे खेळत नाही. माझ्या घरात एक पोरगा पावसात भिजून खेळून येत होता तेव्हा.

आणि अगदी आपल्या दारातलं पाहिजे तर आपल्याकडच्या मैदानांवर पाण्याचा निचरा नाही. ज्या डबक्यात तो बॅकपास थांबला ते डबकं दर वर्षी त्याच जागी होतं. त्यावर लिहा, कडक लिहा, मी स्वतः येऊन फोटो काढून देतो.

वर्गणी संपली तेव्हा मी काकांना सांगितलं पुढची नको. ते सायकल स्टँडवर लावून तिथेच उभे राहिले. "बंद कित्याक करतंस रे? इतकी वर्सां टाकतंय मी." मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकलं, पिशवीतून दुसऱ्या घरचा पेपर काढला, उलगडून क्रीडा पान काढलं, हाताची घडी घातलेल्या त्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "ह्यो?" हो म्हटलं. परत घडी घातली आणि काही न बोलता पुढच्या घरी गेले. मला सगळ्यात वाईट त्यांचंच वाटतं, एका घराचं त्यांचं कमिशन गेलं आणि त्यांनी तर काही केलं नव्हतं.

आई आठ दिवस चिडली होती निधन वार्तांसाठी. आता ती शेजारच्यांकडे जाऊन वाचते.

घ्यायचा की नाही विचाराल तर, घरात म्हातारी माणसं असतील, बागायत असेल, तालुक्याच्या बातम्या हव्या असतील तर बिनधास्त घ्या. घरात खेळणारा पोरगा किंवा पोरगी असेल तर बुधवारी ते पान तुम्ही आधी वाचा, मग त्यांच्या हातात द्या. मी परत वर्गणी भरायला तयार आहे आणि माझी अट एकच आहे, ज्या मॅचवर लिहाल त्या मॅचला या. खुर्ची ठेवलेली असते. नसली तर माझ्या छत्रीत या.

डिसेंबरमध्ये पुतण्याच्या टीमची अजून एक स्पर्धा झाली, सेमीफायनलला ३-१ ने हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतल्या बाकावर पेपर ठेवलेला होता. काकांना हाक मारली तोवर ते वळणावर पोचलेले. क्रीडा पान उघडलं, खालचा डावा कोपरा, चार ओळी, निकाल, गोल मारणाऱ्यांची नावं, आणि शेवटी पराभूत संघाच्या गोलरक्षकाने एक पेनल्टी अडवली, पुढे त्याचं नाव. आडनावाचं स्पेलिंग पण बरोबर. पोरगा कात्री घेऊन आला तर आई म्हणाली थांब, मागच्या पानावर निधन वार्ता आहेत, मी वाचून घेतंय आधी.